नॅटी ऑर नॉट

समाजमाध्यमांवर नाव कमावलेल्या व्यक्तीचे पिळदार शरीर केवळ आहार आणि व्यायाम यांतून घडले आहे की त्यामागे संप्रेरके आणि स्टेरॉइड आहेत, याविषयी होणाऱ्या जाहीर तपासणीला 'नॅटी ऑर नॉट' म्हणतात. 'नॅचरल' या शब्दाचे जिममधले लघुरूप म्हणजे 'नॅटी'. ज्याला नॅटी म्हणायचे त्याने ॲनाबॉलिक स्टेरॉइड (टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकासारखी, स्नायू वाढवणारी औषधे), वाढ-संप्रेरक, इन्सुलिन यांसारखे काहीही घेतलेले नसावे, अशी अपेक्षा असते. प्रथिनांची पावडर, क्रिएटिन आणि कॅफीन या व्याख्येत बसतात. महाराष्ट्रातल्या व्यायामशाळांत 'पावडरची बॉडी' हा शब्द सर्रास टोमण्यासारखा वापरला जातो. तो चुकीचा आहे. पावडर म्हणजे बहुतेकदा दुधापासून वेगळे केलेले प्रथिन, त्याचा संप्रेरकांशी काही संबंध नाही.

ही शंका निव्वळ कुचाळकी नसते. शरीर हाच ज्याच्या धंद्याचा पुरावा असतो, त्याने त्या शरीराबद्दल खोटे सांगितले तर त्याच्याकडून आहारतक्ता किंवा गोळ्या विकत घेणारा फसतो. पैसे जातात ते वेगळेच. आपण मेहनतीत कमी पडलो, असे एखादा विशीतला मुलगा धरून बसतो, हे त्याहून वाईट.

लिव्हर किंगचे प्रकरण

'लिव्हर किंग' या नावाने प्रसिद्ध झालेला अमेरिकन ब्रायन जॉन्सन हे या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. २०२१ मध्ये तो समाजमाध्यमांवर आला आणि वर्षभरात त्याला लाखो अनुयायी मिळाले. कायम उघडे अंग, लांब दाढी, कच्चे यकृत आणि वृषण खाण्याची दृश्ये, 'पूर्वजांसारखे जगण्याची' नऊ तत्त्वे, आणि सोबत अवयवांच्या भुकटीच्या कॅप्सूल विकणारा व्यवसाय, असा हा सारा पसारा होता. वय पंचेचाळीसच्या घरात आणि अंगावर वर्षभर शिरा फुगलेल्या. जाणकारांना पहिल्या दिवसापासून शंका होती. मुलाखतींमध्ये विचारले की तो स्टेरॉइड घेतल्याचे स्पष्ट नाकारत असे.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस या विषयावर चित्रफिती करणाऱ्या डेरेक नावाच्या निवेदकाने जॉन्सनच्या नावाचे जुने ईमेल उघड केले. महिन्याला ११,००० डॉलरहून अधिक खर्चाचा, वाढ-संप्रेरक आणि स्टेरॉइड यांचा कार्यक्रम त्यांत तपशिलाने लिहिलेला होता. १ डिसेंबर २०२२ रोजी जॉन्सनने चित्रफितीतून कबुली दिली आणि आपण आठवड्याला १२० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन घेतो, हेही सांगितले.

यात लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की त्याच्या शरीराकडे बोट दाखवून वर्षभर चाललेल्या चर्चेतून काहीच सिद्ध झाले नव्हते. निकाल लागला तो कागदामुळे.

एफएफएमआयचे गणित

वादात सर्वाधिक फेकला जाणारा आकडा म्हणजे 'एफएफएमआय', अर्थात चरबी वगळून उरलेल्या वजनाचा उंचीशी काढलेला निर्देशांक. १९९५ मध्ये संशोधक कूरी आणि सहकाऱ्यांनी १५७ पुरुष खेळाडूंवर (८३ स्टेरॉइड घेणारे, ७४ न घेणारे) तो वापरला. रीत अशी : चरबीविरहित वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग, आणि त्यात ६.३ × (१.८० − उंची) एवढी दुरुस्ती. न घेणाऱ्यांचा आकडा २५ पर्यंत पोचला आणि तिथे थांबला. घेणाऱ्यांपैकी कित्येक सहज पुढे गेले, काहींनी ३० ओलांडली. तेव्हापासून '२५ च्या वर म्हणजे घेतो' हा नियम रूढ झाला.

उदाहरण घेऊ. उंची १.७५ मीटर, वजन ८४ किलो, चरबी १२ टक्के. चरबीविरहित वजन ७३.९ किलो, भागाकार २४.१, दुरुस्तीसह साधारण २४.५. म्हणजे रेषेच्या आत. आता त्याच माणसाची चरबी कुणी डोळ्यांनी पाहून ८ टक्के ठरवली, तर आकडा २५.५ होतो आणि माणूस रेषेबाहेर. प्रत्यक्षात चरबी १७ टक्के असेल तर तोच २३.१ वर उतरतो. उंची पाच सेंटिमीटरने कमी धरली तर १२ टक्के चरबीलाही २६.२ निघतात. छायाचित्रावरून चरबीचा अंदाज चार-पाच टक्क्यांनी चुकणे अगदी नेहमीचे आहे, आणि समाजमाध्यमांवर सांगितलेली उंची व वजन हे तर स्वतःच शंकास्पद. एवढ्या कच्च्या मालावर काढलेला दशांश चिन्हापुढचा आकडा काहीच सांगत नाही.

शिवाय २५ ही भिंत नाही. त्याच अभ्यासात १९३९ ते १९५९ मधल्या २० 'मिस्टर अमेरिका' विजेत्यांची सरासरी २५.४ निघाली होती. (तो काळ 'स्टेरॉइडपूर्व' मानला गेला. टेस्टोस्टेरॉन मात्र १९३५ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते, त्यामुळे या तुलनेवरही आक्षेप आहेत.) पुढे अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलपटूंवर झालेल्या मोजणीत सुमारे चौथा हिस्सा खेळाडू २५ च्या वर सापडले. जाड माणसाच्या चरबीविरहित वजनात पाणी आणि आधार देणाऱ्या ऊती जास्त असतात, म्हणून वजनदार खेळाडूंना हा निर्देशांक नीट लागू पडत नाही.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा

खांद्यांचे गोल आणि मानेलगतचे ट्रॅप्स बाकी शरीराच्या मानाने फार फुगलेले असणे ही सर्वांत चर्चिली जाणारी खूण. ट्रॅप्समध्ये मांडीच्या स्नायूपेक्षा अँड्रोजेन-ग्राही (पुरुषी संप्रेरके पकडणारी पेशींतली प्रथिने) अधिक असल्याचे ऊती-तपासणीत दिसले आहे, त्यामुळे या खुणेला आधार आहे. मात्र कुस्ती किंवा ओझे उचलण्याची कामे करणाऱ्यांचे ट्रॅप्सही असेच असतात. स्तनाग्रामागे गाठ येणे आणि पाठीवर पुरळ येणे या खुणा वयात येणाऱ्या असंख्य मुलांत आपसूक आढळतात. त्यांवरून कुणावर आरोप करणे अन्यायाचे आहे.

त्यापेक्षा वजनदार खूण वेळेत दडलेली असते. नवशिका पुरुष पहिल्या वर्षात नऊ-दहा किलो स्नायू कमावू शकतो, पुढे दरवर्षी ही कमाई साधारण निम्म्याने घटते, असा प्रशिक्षकांचा ठोकताळा आहे. सात-आठ वर्षे जुन्या व्यायामपटूने सहा महिन्यांत आठ किलो स्नायू वाढवला, तर प्रश्न पडायलाच हवा. अपवाद एकच : आजारपणामुळे किंवा खंडामुळे गमावलेला स्नायू परत मिळवणारा माणूस. तो स्नायू पहिल्यापेक्षा फार लवकर येतो.

वर्षभर 'कट्स', म्हणजे कमी चरबीमुळे स्नायूंच्या ठळक दिसणाऱ्या रेषा, टिकणे ही दुसरी खूण. २०१३ मध्ये एका नॅचरल शरीरसौष्ठवपटूच्या सहा महिन्यांच्या स्पर्धातयारीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर आली, आणि रक्तातले टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ९२२ नॅनोग्रॅमवरून २२७ वर कोसळले. इतक्या कमी चरबीवर नॅचरल माणूस थकलेला, चिडचिडा आणि ओढलेल्या चेहऱ्याचा दिसतो, स्नायू सपाट पडतात. बारा महिने पाच टक्के चरबी, भरलेले स्नायू आणि उत्साही चेहरा असे तिन्ही एकत्र दिसणे शरीरशास्त्राला धरून नाही. पण आधी ती चरबी खरोखर पाच टक्के आहे का, हे पाहावे लागते. तसे दिसणारा माणूस बहुधा दहा-अकरा टक्क्यांवर चांगल्या उजेडात उभा असतो.

उजेड, पंप आणि खोट्या प्लेटा

डोक्यावरून तिरका पडणारा एकच दिवा स्नायूंमधल्या खाचांत सावली भरतो. समोरून सपाट उजेड पडला की तेच पोट गुळगुळीत दिसते. छायाचित्राआधी दोन-तीन फेऱ्या जोर किंवा हलक्या डंबेलचा व्यायाम केला की स्नायूंत रक्त भरते. हा 'पंप' अर्ध्या-एक तासात उतरतो. 'आधी' आणि 'नंतर' ही छायाचित्रे एकाच दुपारी काढता येतात : आधी जेवून, पोट सैल सोडून, सपाट उजेडात, नंतर अंगाचे केस काढून, तेल लावून, श्वास रोखून. संपादन केलेले असेल तर आधी शरीराकडे पाहूच नये. दाराची चौकट, फरशीच्या रेषा, मागच्या रॅकचे उभे खांब कंबरेजवळ किंवा दंडाजवळ वाकलेले दिसतात का, ते पाहावे. चित्रफितीत हात कंबरेसमोरून जाताना कडा थरथरते. मात्र मोबाइलच्या रुंद भिंगाने चित्राच्या कडेच्या रेषा एरवीही वाकतात, म्हणून वाकणे फक्त शरीरालगत आहे की सगळीकडे, हे तपासणे गरजेचे.

उचललेल्या वजनाची शंका याहून सोपी. स्पर्धेतला रॉड २० किलोचा, मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटिमीटर. दोनशे किलोंच्या पुढे डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा रॉड उभे राहत उचलण्याच्या प्रकारात) रॉड आधी वाकतो, मग प्लेटा जमिनीवरून सुटतात. रॉड सरळच राहिला, प्लेटा हलक्या धक्क्याने डुलल्या किंवा खाली ठेवताना पोकळ आवाज आला, तर त्या आतून रिकाम्या असण्याचा संभव मोठा.

रिपोर्ट दाखवला म्हणून

आरोप झाल्यावर अनेकजण रक्ताचा रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरतात. त्यात टेस्टोस्टेरॉनचा एकच आकडा असेल तर त्याला अर्थ नाही, कारण मात्रा बेताची ठेवून तो सामान्य मर्यादेत राखता येतो. पाहायची ती एलएच आणि एफएसएच ही वृषणांना चालना देणारी संप्रेरके. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी ही दोन्ही संप्रेरके सोडणे जवळपास थांबवते. टेस्टोस्टेरॉन भरपूर आणि एलएच शून्याजवळ, हे जोडचित्र फार बोलके असते. हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) चढलेला आणि एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) फार खाली, हे त्याला पूरक. पण सायकल, म्हणजे औषधे घेण्याचा ठरावीक काळ, संपवून काही महिन्यांनी काढलेला रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो, आणि वाढ-संप्रेरक या तपासणीत दिसतच नाही. उत्तेजक चाचणीतही त्याचा थेट माग साधारण एक-दोन दिवसच लागतो. म्हणून काही नॅचरल स्पर्धासंघटना लघवीच्या चाचणीसोबत पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी) ही घेतात आणि सात ते दहा वर्षे काही न घेतल्याची अट घालतात. पॉलिग्राफची विश्वासार्हता स्वतःच वादात आहे. सारांश, 'घेतले आहे' हे सिद्ध होऊ शकते, 'कधीच घेतले नाही' हे कोणत्याही कागदाने सिद्ध होत नाही.

महाराष्ट्रात

इथल्या जिममध्ये 'इंजेक्शन मारतो' या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. मेफेंटरमीन हे भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी शस्त्रक्रियागृहात वापरायचे औषध. जिममध्ये ते व्यायामाआधी तरतरीसाठी टोचले जाते. पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाने त्याचे साठे वेळोवेळी पकडले आहेत. त्याने स्नायू वाढत नाही, पण रक्तदाब आणि हृदयाची गती धोकादायक वाढते, सवय जडते आणि भ्रमही होतात. टेस्टोस्टेरॉन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई असलेले दुसरेच औषध. एखाद्याच्या शरीरावरून शंका घेताना कोणत्या इंजेक्शनाबद्दल बोलतो आहोत, हे बोलणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते.

जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमी जाहिरातींवर 'ही जाहिरात आहे' असे ठळक लिहिणे बंधनकारक ठरवले. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या प्रभावकांनी आपली पात्रता आणि नोंदणीही सांगावी, असा नियम आला. शरीर कशाने घडले हे सांगण्याची सक्ती मात्र त्यात नाही. उलट, नाव घेऊन 'हा स्टेरॉइड घेतो' असे पुराव्याविना लिहिणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार होऊ शकते. त्यामुळे जबाबदार परीक्षक 'घेतो' असे लिहीत नाहीत. या उंचीला, या वजनाला, इतक्या महिन्यांत हा बदल कसा झाला, एवढेच विचारतात आणि मूळ आकडे मागतात.