‘ढ’, ‘गतिमंद’ आणि ‘अध्ययन अक्षम’ : शालेय समावेशनामागची पार्श्वभूमी

दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षम, म्हणजे बुद्धिमत्ता सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणनात फार मागे राहणाऱ्या, विद्यार्थ्यांना लेखनिक, वाढीव वेळ आणि विषयांची सवलत देण्याची पद्धत महाराष्ट्रात १९९६ पासून आहे. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला अपंग व्यक्तींविषयीचा १९९५ चा केंद्रीय कायदा अमलात आला, मात्र त्याने मान्य केलेल्या सात प्रकारांत अध्ययन अक्षमता नव्हती. देशाच्या कायद्याने ज्या अडचणीची दखलच घेतली नव्हती, तिला राज्याने परीक्षेपुरती मान्यता दिली. यातला ‘परीक्षेपुरती’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पुढील वीस वर्षांतील बराचसा गुंता त्यातूनच वाढला.

त्याआधीचा इतिहास प्रामुख्याने वेगळ्या शाळांचा आहे. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कर्णबधिरांसाठी आणि १९०० मध्ये अंधांसाठी शाळा सुरू झाली. अपंग मुलाला शक्यतो सर्वसाधारण शाळेतच शिकवावे, हा विचार १९४४ च्या शिक्षणविषयक अहवालात आला होता आणि १९६४-६६ च्या आयोगाने त्याला दुजोरा दिला. तरी प्रत्यक्ष योजना निघाली ती १९७४ मध्ये, आणि तीही आरंभी समाजकल्याण खात्याकडे होती. शिक्षण खात्याकडे ती १९८२ मध्ये आली. या मुलांचा प्रश्न शिकण्याचा नसून कल्याणाचा आहे, अशी समजूत त्या आठ वर्षांत शाळांमध्ये रुजली आणि पुढे ती सहजासहजी निघाली नाही. त्या काळातील शब्द ‘एकात्म शिक्षण’ हा होता. मूल शाळेत येऊ शकते, परंतु शाळेशी जुळवून घेण्याचे काम त्याचेच, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होई. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे झालेल्या जागतिक शिक्षणपरिषदेच्या जाहीरनाम्यानंतर ‘समावेशित शिक्षण’ हा शब्द रूढ होऊ लागला आणि जुळवून घेण्याची जबाबदारी, निदान कागदावर, शाळेकडे आली.

डोळ्यांना दिसणाऱ्या अपंगत्वाच्या बाबतीत हा बदल समजण्याजोगा होता, कारण उतरता मार्ग, श्रवणयंत्र किंवा ब्रेल पुस्तके या गोष्टी मागता येतात आणि मोजताही येतात. चारचौघांसारखे बोलणारे, तोंडी हिशेब अचूक करणारे, पण फळ्यावरचे वाक्य वहीत उतरवताना अडखळणारे मूल मात्र कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. शाळेच्या बोलीत त्याच्यासाठी एकच अक्षर होते, ‘ढ’. कागदोपत्री भाषेने त्याला ‘अप्रगत’ किंवा ‘गतिमंद’ म्हटले, आणि घरी ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढ्यावर निदान आटोपले.

यांपैकी ‘गतिमंद’ या शब्दाने सर्वाधिक घोटाळा केला आहे. बौद्धिक अक्षमतेसाठी वापरला जाणारा ‘मतिमंद’ हा शब्द बोचरा वाटू लागल्यावर अनेकांनी त्याऐवजी सौम्य पर्याय म्हणून ‘गतिमंद’ स्वीकारला. शिक्षक मात्र हाच शब्द सावकाश शिकणाऱ्या, म्हणजे साधारण ७० ते ८४ बुद्ध्यांकाच्या मुलांसाठी वापरत राहिले. ‘अध्ययन अक्षम’ ही तिसरीच गोष्ट आहे. तिच्यात बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असते, परंतु वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखादे कौशल्य वयाच्या मानाने फार मागे राहते. या तीन गटांना लागणारी मदत निरनिराळी आहे. शब्द एकमेकांत मिसळल्यामुळे वाचनाची अडचण असलेल्या मुलाला ‘मतिमंद ठरवले जाईल’ या भीतीने पालक तपासणीलाच नेत नसत, आणि ही भीती अजूनही गेलेली नाही.

मिसळणीचा दुसरा परिणाम मधल्या गटाला भोगावा लागला. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांक सर्वसाधारण असावा लागतो, तर बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी तो ७० च्या आसपास किंवा खाली असावा लागतो. ७५ किंवा ८० बुद्ध्यांकाचे मूल दोन्ही दारांबाहेर राहते. त्याला लेखनिक नाही, वाढीव वेळ नाही आणि विषयाची सवलतही नाही. मदत गरजेवर न ठरता प्रमाणपत्रावर ठरली की असे होणारच, आणि १९९६ च्या निर्णयाची ही सर्वांत मोठी उणीव मानली पाहिजे. त्या निर्णयाने हजारो मुलांना दहावी पार करता आली, हे श्रेय त्यामुळे कमी होत नाही.

प्रमाणपत्र मिळण्याची वाटही सर्वांना सारखी नव्हती. दीर्घकाळ मोजक्याच सार्वजनिक रुग्णालयांची प्रमाणपत्रे ग्राह्य धरली जात आणि ती मुख्यतः मुंबईसारख्या शहरांत होती. चाचण्या बहुतांशी इंग्रजीत रचलेल्या होत्या, त्यामुळे सवलतींचा लाभ आरंभी इंग्रजी माध्यमातील शहरी मुलांकडे अधिक गेला. इंग्रजी चाचणीचे नुसते भाषांतर करून हा प्रश्न सुटत नाही. इंग्रजीत एकाच अक्षराचे उच्चार अनेक असल्याने तेथे चुकीचे वाचन ही ठळक खूण ठरते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच पक्का असल्यामुळे मराठी मूल पुष्कळदा वाचते बरोबर, पण फार सावकाश, अक्षर-अक्षर जुळवत. चुका दिसतात त्या ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्या अदलाबदलीत, ऱ्हस्व-दीर्घात, रफारात आणि जोडाक्षरे फोडून लिहिण्यात. यांतील काही चुका प्रत्येक लहान मुलाकडून होतातच, म्हणून कोणत्या वयानंतर त्या काळजीच्या मानायच्या हे मराठी मुलांवरूनच ठरवावे लागते. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांसाठी तयार केलेले भारतीय तपासणीसाधन २०१५ च्या सुमारास उपलब्ध झाले. सवलती सुरू होऊन तोवर दोन दशके होत आली होती.

मधल्या काळात शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवायचे नाही असे ठरले. राज्याने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे केवळ वार्षिक परीक्षेवर न विसंबता वर्षभर चालणारे मूल्यमापन, आणले. त्याला ‘ढकलपास’ म्हणून हिणवले गेले, हे अन्यायाचे होते; नापास होण्याच्या धसक्यातून मुलांची सुटका करणे हा हेतू योग्यच होता. मात्र मूल्यमापनातून दिसलेल्या अडचणीवर उपाय करणारी यंत्रणा शाळेजवळ नसल्याने मूल अडचणीसह वरच्या वर्गात जात राहिले, आणि अनेकांच्या बाबतीत तपासणीचा विचार नववीत नापास झाल्यावरच झाला. या कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत पुन्हा परीक्षा घेण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली. नापास करणे म्हणजे निदान करणे नव्हे, हा भेद त्या चर्चेत फारसा आला नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात प्रकार सातांवरून एकवीस झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेला प्रथमच केंद्रीय कायद्यात जागा मिळाली. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, शाळेनेच प्राथमिक चाळणी करावी, म्हणजे अडचणीची शक्यता असलेली मुले ओळखावीत, असे सांगितले. प्रमाणपत्राची फेरतपासणी चौदाव्या व अठराव्या वर्षी ठेवली. दहावीच्या दारातील सवलतीकडून तिसरीतील मदतीकडे वळणारा हा बदल खरोखर मोठा आहे.

भावनिक स्वास्थ्याचा विषय धोरणात याहून उशिरा आला. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली होती, पण छळ न करणे आणि आधार देणे यांत अंतर आहे. वर्षानुवर्षे वर्गात हसे होणारे मूल पोटदुखीची सबब सांगून शाळा टाळू लागते, तेव्हा वाचनाचा प्रश्न आणि मनाचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. तरी योजना मात्र स्वतंत्रपणे आखल्या गेल्या. करोनाकाळात, २०२० मध्ये, देशपातळीवर विद्यार्थ्यांसाठी समुपदेशनाची दूरध्वनी सेवा सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संपर्कव्यवस्था ठेवावी असे म्हटले.

विशेष शिक्षकांबाबतही न्यायालयालाच बोलावे लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक आणि त्यावरील स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरले. महाराष्ट्रात हे काम अनेक वर्षे कंत्राटी विशेष शिक्षकांनी, गावोगाव फिरून, अपुऱ्या मानधनावर केले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याने केंद्रस्तरावर (केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांना मान्यता दिली, म्हणजे दर केंद्राला साधारण एक. एका केंद्राखाली अनेक शाळा येतात आणि त्यांतील पुष्कळ शाळा पहिली ते चौथीच्या, दोन शिक्षकी आणि शंभरापेक्षा कितीतरी कमी पटाच्या असतात. तिसरीची चाळणी त्याच शाळांत आणि त्याच दोन शिक्षकांनी करायची आहे.