धास्ती की धसका? उंदीर औषधाला तोंड का लावत नाही

नागपूरच्या इतवारीतल्या धान्याच्या दुकानांत हे वाक्य ठरलेलं: "उंदीर हुशार झाले न भाऊ, औषध खाऊनच नाही राहिले." हुशारी मान्य. पण न खाण्याची कारणं दोन, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिलं, नव्याची धास्ती. रोजच्या पोत्यांत अनोळखी वासाची वाटी आली की उंदीर लांबूनच वळतो. वाटीत नुसती तांदळाची कणी असली तरी हेच. उंदराला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं, मग जपणारच! ही धास्ती काही दिवसांत आपोआप ओसरते.

दुसरं, धसका. इथे उंदराने खाल्लेलं असतं; पोट बिघडलं, पण जीव वाचला. 1966 मध्ये गार्सिया आणि कोलिंग या संशोधकांनी दाखवलं की दुखण्याचा दोष उंदीर चवीला देतो, सोबतच्या उजेडाला किंवा आवाजाला नाही. त्रास खाल्ल्यावर बऱ्याच वेळाने सुरू झाला तरी चालतं. नुसता वास असा फारसा लक्षात राहत नाही, चवीबरोबर आलेला मात्र पक्का बसतो. मग त्या कणीत विष नसलं तरी तो शिवत नाही. झिंक फॉस्फाईड हे उंदराचं औषध लवकर त्रास देतं, म्हणून धसका बहुधा त्याचाच. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या औषधाचा परिणाम दिसायला काही दिवस जातात. तोवर कशाने झालं हे उंदराला उमगत नाही.

वाटीभोवती पिठाचा पातळ थर पसरा. पावलं येऊन वळलेली, कणी जशीच्या तशी: धास्ती. पहिल्या रात्री कणी कमी झाली, शेजारी लेंड्या, आणि दुसऱ्या रात्रीपासून शुकशुकाट: धसका. धसक्यावर धान्य आणि औषध दोन्ही बदलायचं. धास्तीवर आधी काही दिवस तेल लावलेली बिनविषारी कणी, मग त्यातच औषध.

"एकाला त्रास झाला की तो बाकीच्यांना सांगतो," हे मात्र खोटं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गेलेफ यांच्या प्रयोगांत उलटंच दिसलं. खाऊन आलेल्याचं तोंड दुसरा उंदीर हुंगतो. श्वासातल्या कार्बन डायसल्फाईडसोबत अन्नाचा वास मिळाला की तेच अन्न त्याला आवडू लागतं, खाऊन आलेला आजारी असला तरी. बिनविषारी कणीचे दिवस म्हणूनच वाया जात नाहीत: जो खातो, तो तिचा वास तोंडाला घेऊन बिळात जातो.