मूळ-ऊतिसंवर्धन, मोहरी कुलातील

मोहरी कुलातील वनस्पतींच्या मुळाचा तुकडा निर्जंतुक पोषक माध्यमावर वाढवून त्यापासून कोंब व पुढे पूर्ण रोप मिळविण्याची पद्धत. कोबी, फुलकोबी, मोहरी, सलगम, मुळा या परिचित वनस्पती याच कुलातील. मुळ्याच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. त्याच्या फुगलेल्या भागाचा वरचा हिस्सा अधराक्षापासून, म्हणजे रोपाच्या बीजपत्रांखालील खोडाच्या भागापासून, बनलेला असतो, त्यामुळे मुळ्याचा प्रत्येक तुकडा हा मुळाचा तुकडा नव्हे.

मुळापासून रोप उगवणे या कुलाला नवे नाही. यूरोपातील हॉर्सरॅडिश बी क्वचितच धरते. तिची लागवड मुळाच्या कांड्यांनी करतात. कांडी उलटी लागू नये म्हणून वरचे टोक सरळ व खालचे तिरके कापण्याची रीत आहे, कारण कोंब खोडाकडील टोकाला आणि नवी मुळे अग्राकडील टोकाला फुटतात. लिंडनर यांनी १९३९ मध्ये या मुळांच्या तुकड्यांवर ऑक्सिनांचा, म्हणजे एका गटातील वनस्पती-वाढसंप्रेरकांचा, परिणाम तपासला. ऑक्सिन दिल्यास कोंब दबतात व मुळांना जोर येतो, असे त्यांना दिसले.

मूळ-संवर्धनाचा आरंभ सर्वसाधारणपणे १९२२ पासून धरतात. त्या वर्षी जर्मनीत कोटे व अमेरिकेत रॉबिन्झ यांनी स्वतंत्रपणे मूलाग्रे माध्यमात वाढविली. मात्र अमर्याद काळ चालणारे संवर्धन १९३४ मध्ये व्हाइट यांनी टोमॅटोच्या मुळावर साधले. आरंभाचा मान त्यालाच देणे अधिक योग्य ठरेल. ऑक्सिन व सायटोकायनिन (पेशीविभाजन घडविणारे वनस्पती-संप्रेरक) यांच्या प्रमाणावर कोंब फुटणार की मूळ हे ठरते, हा स्कूग व मिलर यांचा १९५७ चा निष्कर्ष तंबाखूवरचा आहे, पण मोहरी कुलातील जवळपास प्रत्येक माध्यमाची आखणी त्यावर उभी आहे.

या कुलातील सर्वांत तपशीलवार अभ्यास अरॅबिडोप्सिस थॅलियाना या लहानशा वनस्पतीवर झाला. व्हालव्हेकेन्स व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे दिलेली पद्धत प्रमाण मानली जाते. दोऱ्यासारखी पांढरी मुळे प्रथम २,४-डी (एक ऑक्सिन) व किंचित कायनेटिन (एक सायटोकायनिन) असलेल्या माध्यमावर सुमारे तीन दिवस ठेवतात. मग ती सुमारे अर्धा सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यांत कापून सायटोकायनिनचे प्रमाण अधिक असलेल्या माध्यमावर हलवितात. तुकडे जाडावतात, त्यांवर हिरवे ठिपके उमटतात आणि त्यांतून पाने निघतात. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या वनस्पतीत जीन सोडणाऱ्या जीवाणूद्वारे जीन घातल्यास तीन महिन्यांत बी धरणारी जीनांतरित (बाहेरचा जीन आलेली) रोपे मिळाली. यशाचे प्रमाण २० ते ८० टक्के होते. वाणावर बरेच अवलंबून असते. सी-२४ या वाणाची मुळे सहज फुटतात, कोलंबिया या वाणाची तितकी नाहीत.

कोंब नेमके कोठून येतात, यावर मतभेद होते. जुन्या मतानुसार ऊतक आपली विशिष्टता सोडून किण, म्हणजेच कॅलस, या अविभेदित गोळ्यात रूपांतरित होते आणि त्यातून काहीही घडू शकते. संशोधक अट्टा व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मुळातील कोंबांचा उगम प्रकाष्ठासमोरील (पाणी वाहणाऱ्या ऊतकासमोरील) परिरंभाच्या, म्हणजे वाहक ऊतकांभोवतीच्या थराच्या, पेशींत दाखविला. उपमुळे, म्हणजे मुळाच्या बाजूच्या शाखा, याही याच पेशींतून निघतात. पुढच्याच वर्षी सुगिमोतो, जियाओ व मेयेरोविट्स यांनी दलिका (बीजपत्रे) व पाकळ्या यांपासून बनलेला किणही मूलाग्रासारखाच असल्याचे दाखविले. उपमुळांचा आरंभ रोखणाऱ्या उत्परिवर्तनात (जीनातील बदलात) तो नीट तयार होत नाही. म्हणजे माध्यमावरील किण हा अविभेदित गोळा नसून दिशा बदललेले उपमूळ आहे. हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. मात्र जखमेवर आपोआप येणाऱ्या किणाला ते जसेच्या तसे लागू होत नाही. तिरुवनंतपुरमच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतील गटाने २०१५ मध्ये प्लेथोरा नावाचे जीन पुनर्जननात दोन टप्प्यांनी काम करतात असे मांडले: आधी मूलसदृश क्षमता, नंतर कोंबाची घडण.

ब्रॅसिका प्रजातीत मुळापेक्षा दलिकांचे देठ व अधराक्ष यांचा वापर अधिक होतो. तेथे इथिलीन हा वनस्पतींत तयार होणारा वायुरूप संप्रेरक मोठा अडसर ठरतो. माध्यमात इथिलीनचा परिणाम रोखणारे सिल्व्हर नायट्रेट मिसळल्यास कोंबांची संख्या वाढते. ब्रॅसिका ऑलेरेशिया (कोबी, फुलकोबी) तुलनेने सहज प्रतिसाद देते, ब्रॅसिका रापा (सलगम) मात्र हट्टी आहे. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजिनीस या जीवाणूमुळे आलेल्या केसाळ मुळांपासूनही रोपे मिळतात, पण त्यांची पाने सुरकुतलेली व पेरे आखूड असतात.

क्लफ व बेंट यांनी १९९८ मध्ये फुलोरा जीवाणूंच्या द्रावात बुडविण्याची पद्धत दिल्यावर अरॅबिडोप्सिसमधील जीनांतरणासाठी मुळाचे तुकडे मागे पडले. पुनर्जननाच्या अभ्यासात ते अजून वापरात आहेत.