नाकारलेल्यांनाही ती खूण दिसली होती का?

पोर्टलवर काल रात्रीपर्यंत ‘अर्जाची छाननी सुरू आहे’ अशी ओळ होती. आज सकाळी ती गायब आहे आणि डावीकडच्या मेनूत वसतिगृहाची एक नवी लिंक आली आहे. दाबली तर उघडत नाही, पण आहे. अर्जदार स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो आणि लगेच कुणीतरी लिहितं, ‘माझ्या मावसभावालाही गेल्या वर्षी अस्संच दिसलं होतं, आठवड्याभरात पत्र आलं.’ निकालाआधीच्या दिवसांत विद्यापीठांचे अर्जदार अशा खुणा वेचत असतात. शिष्यवृत्ती विभागाकडून आलेला मेल, विद्यार्थ्यांसाठीच्या यंत्रणेत अचानक चालू झालेलं लॉगिन, एखाद्या प्राध्यापकाने प्रोफाइल पाहिल्याची सूचना. काही जण तर पानाचा सोर्स कोड उघडून त्यात निकाल दडलाय का ते शोधतात.

या खुणा वेचणाऱ्यांना वेड्यात काढणं मला मान्य नाही. विद्यापीठाची यंत्रणा निर्णय आधी नोंदवते आणि जाहीर नंतर करते, त्यामुळे मधल्या काळात काही ना काही बाहेर झिरपणं अगदी शक्य आहे. चूक होते ती खुणेचं वजन करताना. सगळे एकच प्रश्न विचारतात : प्रवेश मिळालेल्यांना हे दिसलं होतं का? हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा : प्रवेश नाकारलेल्यांपैकी कितीजणांना हेच दिसलं होतं?

थोडं गणित करू. समजा १००० अर्ज आले आणि १०० जणांना प्रवेश मिळणार आहे. वसतिगृहाची ती लिंक प्रवेश मिळणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांना दिसते, म्हणजे ६० जणांना. नाकारल्या जाणाऱ्या ९०० जणांपैकी समजा ३० टक्क्यांनाच दिसते, म्हणजे २७० जणांना. लिंक पाहणारे एकूण झाले ३३०. त्यांतले प्रवेश मिळणारे ६०. म्हणजे लिंक दिसलेल्या अर्जदाराची शक्यता १०० पैकी १८. आधी ती १० होती. खूण खरी आहे, खोटी नाही, आणि तरीही ती पाहून आनंदाने उडी मारणाऱ्या पाच जणांपैकी चार जणांच्या पदरी नकारच पडणार आहे. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण अर्ज फार आणि जागा थोड्या असल्या की निष्कर्ष असाच येतो. नाकारल्या जाणाऱ्यांची संख्याच इतकी मोठी असते की त्यांचे ३० टक्के हे प्रवेश मिळणाऱ्यांच्या ६० टक्क्यांना गिळून टाकतात.

या हिशेबामागचं सूत्र थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखलं जातं. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, रिचर्ड प्राइस या मित्राने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आणला. मला त्याचं सगळ्यात आवडतं रूप गुणोत्तराचं आहे. आधीची बाजू ‘१ ला ९’, म्हणजे प्रवेश मिळणाऱ्या एकामागे नाकारले जाणारे नऊ. खुणेचं वजन म्हणजे ६० भागिले ३०, अर्थात २. गुणाकार करा : ‘२ ला ९’. अकरांत दोन, म्हणजे तेच १८ टक्के. ६० टक्के या आकड्याला एकट्याला काहीच अर्थ नाही. खुणेचं सगळं बळ दोन आकड्यांच्या भागाकारात आहे, आणि त्यातला छेद नाकारलेल्यांकडून येतो.

तो छेदच आपल्यापर्यंत पोहोचत नाही. ज्याला पत्र आलं तो आनंदाने परत येऊन लिहितो, ‘लिंक दिसली होती, खरी ठरली.’ ज्याला लिंक दिसली आणि नकार आला, तो बहुधा गप्प बसतो. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी साठल्या की कुठलीही खूण अचूक वाटायला लागते, अगदी सगळ्या १००० जणांना दिसलेलीसुद्धा.

सगळ्यांना दिसलेली खूण ही कल्पनेतली गोष्ट नाही. मार्च २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेने ‘तुमची निवड झाली आहे, परिसर पाहायला या’ असा मेल पाठवला. तो चुकून सर्वच अर्जदारांच्या यादीला गेला. त्यात आधीच नाकारलेले सुमारे २८,००० विद्यार्थी होते. काही तासांत माफीचा मेल गेला, पण तोवर घराघरांत आनंद साजरा होऊन गेला होता. गणिताच्या भाषेत त्या मेलचं गुणोत्तर १ भागिले १. मजकूर कितीही स्पष्ट असो, दोन्ही गटांना सारखाच पोहोचला म्हणजे त्यातून निकालाबद्दल काहीही कळत नाही.

आता एकापेक्षा जास्त खुणा असतील तर? इथे मला ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाकडे जावंच लागतं. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेदन केंद्रात जर्मन नौदलाचे एनिग्मा यंत्राने सांकेतिक केलेले संदेश उलगडताना त्याच्यापुढे हाच प्रश्न होता : बारीक-बारीक पुरावे शेकड्याने येतात, ते एकत्र कसे तोलायचे? गुणाकार करत बसण्याऐवजी त्याने लघुगणक घेतले. गुणाकाराचा लघुगणक म्हणजे लघुगणकांची बेरीज, हे आपण शाळेत शिकलोय. गुणोत्तराचा दहाच्या पायावरचा लघुगणक काढून त्याला दहाने गुणलं की पुराव्याचं वजन ‘डेसिबॅन’ या एककात मिळतं. त्याचा सहकारी आय. जे. गुड याने पुढे लिहून ठेवलंय की एक डेसिबॅन म्हणजे माणसाला अंदाजाने जाणवू शकेल असा पुराव्यातला जवळपास सगळ्यात लहान फरक.

आपल्या उदाहरणात ‘१ ला ९’ म्हणजे उणे ९.५ डेसिबॅन. गुणोत्तर २ असलेली खूण म्हणजे अधिक ३. अशा तीन खुणा मिळाल्या तर अधिक ९, शिल्लक उणे अर्धा, म्हणजे शक्यता ४७ टक्के. तीन किरकोळ खुणांनी दहा टक्क्यांवरून जवळपास निम्म्यावर! बेरीज अशी भराभर चढते म्हणूनच ग्रुपवरच्या चर्चेत मध्यरात्रीपर्यंत सगळ्यांची खात्री होऊन बसते. पण ही बेरीज एकाच अटीवर चालते : एखादा अर्जदार कोणत्या गटातला आहे हे ठाऊक असताना, एक खूण दिसली म्हणून दुसरी दिसण्याची शक्यता बदलता कामा नये. पोर्टलवर हे क्वचितच खरं असतं. नवी लिंक, गायब झालेली ओळ आणि चालू झालेलं लॉगिन ही तिन्ही एकाच रात्री झालेल्या सॉफ्टवेअरच्या बदलातून आलेली असू शकतात. तसं असेल तर पुरावा एकच, आणि वजन ९ नव्हे, ३. तपासायचं असेल तर एवढं पाहावं की या खुणा वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या दिसतात, की ज्याला एक दिसते त्याला तिन्ही दिसतात. नुसत्या एका खुणेवर ९० टक्के खात्री हवी असेल तर १९ डेसिबॅन लागतात, म्हणजे ती खूण प्रवेश मिळणाऱ्यांत ८१ पट जास्त दिसायला हवी. इतकी दणकट खूण पोर्टलच्या मेनूत मिळणं अवघड आहे.

‘तुमची शक्यता ७३ टक्के’ असं सांगणाऱ्या वेबसाइट्सकडेही याच नजरेने पाहायला हवं. नाकारलेल्या अर्जदारांचा पूर्ण, निवडून न घेतलेला डेटा त्यांच्याकडे नसेल तर छेद त्यांच्याकडेही नाही, मग मागे एआय आहे असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो. आणि निकालाच्या तारखेची ग्रहदशा पाहून पैसे घेणारे तर चिंतेत असलेल्या मुलांना सरळसरळ लुबाडतात. त्या दिवशीचे ग्रह दोन्ही गटांसाठी एकाच जागी असतात. गुणोत्तर १, वजन शून्य.

मेंदू तरीही खुणा शोधतोच. १९४८ साली बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळतील अशी व्यवस्था केली. कबुतर काय करतं याच्याशी दाण्यांचा काहीही संबंध नव्हता. तरी आठपैकी सहा कबुतरांनी स्वतःचा एकेक विधी पक्का केला. एक पिंजऱ्यात गोल फिरायचं, एक डोकं कोपऱ्यात खुपसायचं. आणि २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या प्रयोगात दिसलं की विजेचा हलका झटका नक्की बसणार हे ठाऊक असण्यापेक्षा तो बसण्याची शक्यता निम्मी असताना लोकांचा ताण सर्वाधिक असतो. पान पुन्हापुन्हा रिफ्रेश करणाऱ्या मुलाला ‘सोड ना आता’ म्हणून उपयोग होत नाही, तो त्यामुळेच.

एक खूण मात्र जवळजवळ कुणीच हिशेबात धरत नाही, ती म्हणजे काहीच न घडणं. समजा विद्यापीठ होकार टप्प्याटप्प्याने कळवतं आणि नकार सगळे शेवटी एकदम. अर्धे होकार गेले की आपल्या १००० जणांत उत्तराची वाट पाहणारे उरले ९५०, त्यांत प्रवेश मिळणारे ५०. शक्यता दहावरून जेमतेम पाचावर आली, पोर्टलवर एक अक्षरही न बदलता. याउलट होकार आणि नकार दोन्ही सारख्याच वेगाने जात असतील तर अर्धे निकाल लागल्यावर उरतात ५०० आणि त्यांत ५०, म्हणजे शक्यता होती तेवढीच. ‘त्यांना कळलं, मला अजून नाही’ याचा अर्थ काय, हे सर्वस्वी विद्यापीठ नकार कधी पाठवतं यावर ठरतं. म्हणून ग्रुपवर होकार आल्याची बातमी आली की विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे : आजवर कुणाला नकार आलाय का, आणि कोणत्या तारखेला?