९११चं तेल नेमकं कुठून गळतं?

सकाळी गाडी मागे घ्यावी आणि फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग दिसावा, हा जुनी पोर्श ९११ ही जर्मन स्पोर्ट्स कार सांभाळणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव. १९६४पासून स्टुटगार्टमध्ये बनू लागलेल्या या गाडीचं इंजिन १९९८पर्यंत हवेवर थंड होत असे. मोठा पंखा सिलिंडरांवर वरून वारा मारतो आणि बरीचशी उष्णता तेल वाहून नेतं. त्यामुळे तेलही पुष्कळ लागतं. छोट्या गाडीत तीन-चार लिटरमध्ये भागतं, इथे बऱ्याच मॉडेलांत दहा लिटरच्या पुढे. एवढं गरम तेल इंजिनभर फिरतं आणि प्रत्येक सांध्यावर त्याला बाहेर पडायची संधी असते.

सांधेही भरपूर आहेत. सहा सिलिंडर आडवे झोपलेले, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. सिलिंडरांच्या बाहेरच्या टोकांकडचं तेल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मधल्या मुख्य पेटीत, परत यावं म्हणून प्रत्येक बाजूला दोन नळ्या, आणि प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकेक ओ-रिंग. म्हणजे आठ रबरी कडी, तीही सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळांच्या शेजारी. जुनी ओ-रिंग काढून हातात घ्या. मूळचा गोल काप चपटा झालेला असतो, आणि बोटांनी वाकवली तर ती काडीसारखी मोडते. ओ-रिंग गळती थांबवते ती दाबली गेल्यावर परत उसळू पाहते म्हणून. वर्षानुवर्षं तापून रबराची ती उसळी मेली, की कडी जागेवर असूनही तेल शेजारून वाट काढतं. साधं नायट्रील रबर शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे लवकर कडक होतं. १९५७ साली बाजारात आलेलं व्हायटॉन दोनशे अंशांपर्यंत टिकतं, म्हणून आज दुरुस्तीत तेच घालणं शहाणपणाचं.

दुसरं कारण धातूंच्या स्वभावात आहे. दहा सेंटिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा ८० अंशांनी तापला तर सुमारे ०.१८ मिलिमीटर वाढतो, तेवढाच पोलादी तुकडा जेमतेम ०.१०. फरक केसाच्या जाडीचा, पण अ‍ॅल्युमिनियमचे भाग पोलादी बोल्टांनी बांधलेले असल्यामुळे तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेरीत सांधा ताणला जातो आणि सैलावतो. १९६८ ते १९७७ या काळातल्या बहुतेक ९११चं क्रँककेस मॅग्नेशियमचं होतं. मॅग्नेशियम तर अ‍ॅल्युमिनियमहूनही जास्त फुगतं.

आता शोध. डाग जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही, उलट बहुतेक वेळा ती तिथे नसतेच. तेल वर कुठेतरी पाझरतं, पंख्याचा वारा त्याला खाली ढकलतो, गाडी पळताना खालून येणारी हवा ते मागे पसरवते, आणि शेवटी सगळ्यात खालच्या बोल्टच्या टोकावरून थेंब सुटतो. बिचाऱ्या त्या बोल्टचा काही दोष नसतो. म्हणून आधी इंजिन खालून पूर्ण धुवून कोरडं करायचं. मग गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवायची, जॅकवर उचलून स्टँड लावायचे आणि टॉर्च घेऊन खाली शिरायचं. ओल दिसली की वर बघायचं, त्याच्याही वर बघायचं, आणि सगळ्यात वरचा ओला बिंदू धरायचा. तरी सापडलं नाही तर तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहतात. हिरवट-पिवळी रेघ थेट उगमापर्यंत नेते.

नाकाचाही उपयोग होतो. या गाडीत हीटरची हवा सायलेन्सरच्या नळांभोवती तापून आत येते. हीटर लावल्यावर जळक्या तेलाचा वास आला, तर खालच्या टॅपेट कव्हरकडे, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या झाकणाकडे, किंवा तेल परत आणणाऱ्या नळ्यांकडे संशय जातो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ओल असेल तर बोटावर घेऊन हुंगा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो. तो नसेल तर क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) तपासावं लागेल, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवणं आलं.

त्याआधी तेलाची पातळी मात्र नक्की बघा. ९११चं तेल वेगळ्या टाकीत राहतं. इंजिन बंद असताना ते हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं, म्हणून पातळी गरम इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवरच मोजायची असते. थंड गाडीत पातळी मोजायची पट्टी कोरडी दिसते, माणूस घाबरून लिटरभर ओततो, आणि जादा तेल श्वासनळीवाटे, म्हणजे आतला दाब सोडणाऱ्या नळीवाटे, एअर फिल्टरमध्ये जातं. ती श्वासनळी तुंबली तर आतला दाब वाढून धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर येतं. मग सील कितीही बदला!

दुरुस्तीत सर्वात मोठी चूक म्हणजे पाना जोरात फिरवणं. टॅपेट कव्हरच्या छोट्या नटांना सुमारे ८ न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाचा हलका जोर पुरतो. जास्त आवळलं की कव्हर वाकतं, आटे निघतात, आणि गळती वाढते. कव्हरचा काठ जाड काचेवर ठेवून सपाट आहे का ते पाहावं, मगच नवं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ चकती, बसवावं. वरून सिलिकॉन थापणं मला अजिबात पटत नाही. आत सुटलेला त्याचा गोळा तेलाची बारीक वाट बुजवू शकतो, आणि तिथे तेल न पोचणं हे गळतीपेक्षा कितीतरी वाईट. क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांमध्ये गॅस्केटच नसतं, फक्त सीलंटचा पातळ थर असतो. तो जोड नुसता घामाळत असेल आणि थेंब पडत नसेल, तर त्यासाठी इंजिन फोडू नये.

काम झाल्यावर गाडी तापवून लगेच समाधान मानू नका. धातू आकसतात ते थंड होताना. रात्री इंजिनाखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा, त्यावर पुढची बाजू कोणती याची खूण करा, आणि सकाळी गाडी हलवण्याआधी वाकून बघा.