इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन

इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन ही स्त्रियांचे तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांची अमेरिकेतील संघटना होती. न्यूयॉर्कमध्ये ३ जून १९०० रोजी सात स्थानिक संघटनांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि तिची स्थापना झाली. त्या वेळी तिचे सदस्य जेमतेम दोन हजारांच्या घरात होते. पूर्व यूरोपातून आलेले यिद्दिशभाषक ज्यू आणि दक्षिण इटलीतून आलेले स्थलांतरित हा तिचा मूळ पाया होता. १९९५ मध्ये दुसऱ्या संघटनेत विलीन होईपर्यंत ती अमेरिकेतील प्रभावी कामगार संघटनांमध्ये गणली जाई.

या संघटनेचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी धंद्याची रचना पाहावी लागते. व्यापारी कापड विकत घेई, नमुना ठरवी आणि शिवणकाम कंत्राटदाराला देई. कंत्राटदार त्यातले काही काम पोटकंत्राटदाराकडे सोपवी. तो न्यूयॉर्कमधील लोअर ईस्ट साइड या वस्तीच्या कोंदट चाळींमधील खोल्यांत दोन-चार यंत्रे मांडून, नगावर मजुरी देऊन ते करून घेई. शिलाई यंत्र घेऊन धंदा सुरू करायला भांडवल फारसे लागत नसल्यामुळे कंत्राटदारांची संख्या सतत वाढत राही. काम मिळवण्यासाठी ते एकमेकांपेक्षा कमी दर सांगत आणि ही तूट अखेर मजुरीतून भरून काढली जाई. हंगामात आठवड्याला ५६ तासांहून अधिक काम आणि हंगाम सरला की बेकारी, असे कामगारांचे वर्ष जाई. सुया, दोरा आणि यंत्राला लागणारी वीज यांचे पैसे अनेक ठिकाणी मुलींच्याच पगारातून कापले जात. दर ठरवणारा व्यापारी आणि मजुरी देणारा कंत्राटदार वेगळे असल्याने कामगाराला जाब विचारायला कोणी सापडत नसे. संघटनेला हीच अडचण पुढे अनेक दशके सोडवावी लागली.

१९०९ च्या शरद ऋतूत शर्टवेस्ट, म्हणजे बटणांचे ब्लाउज, शिवणाऱ्या काही कारखान्यांत संप सुरू झाला होता आणि कारखान्यांबाहेर संपाचा पहारा देणाऱ्या मुलींना मारहाण होत होती. २२ नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्कमधील कूपर युनियन या महाविद्यालयाच्या सभागृहात सभा भरली. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्स यांच्यासह अनेक पुढारी बोलले, परंतु निर्णय होईना. तेव्हा मार खाऊन बरगड्या मोडलेली क्लारा लेम्लिक ही तरुण कामगार व्यासपीठावर गेली. भाषणे पुरे झाली, आता सार्वत्रिक संप पुकारावा, असा ठराव तिने यिद्दिशमध्ये मांडला. दुसऱ्या दिवसापासून वीस हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले आणि त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. स्त्रियांना संघटित करता येत नाही, हा पुरुष पुढाऱ्यांचा समज या मुलींनी कडाक्याच्या थंडीत खोटा ठरवला. फेब्रुवारी १९१० पर्यंत बहुतेक कारखान्यांनी संघटनेशी करार केले. ट्रँगल शर्टवेस्ट कंपनी मात्र अखेरपर्यंत नमली नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात डगले शिवणाऱ्या सुमारे ६०,००० कामगारांनी संप केला. यात पुरुषांचा भरणा अधिक होता. वकील लुई ब्रँडाइस यांच्या मध्यस्थीने सप्टेंबर १९१० मध्ये जो समझोता झाला, त्याने लवाद मंडळ आणि कारखान्यांच्या स्वच्छतेवर देखरेख करणारे संयुक्त मंडळ स्थापन झाले. तक्रारी संपाऐवजी लवादापुढे नेण्याची ही पद्धत काही वर्षेच टिकली.

२५ मार्च १९११ रोजी, शनिवारी, काम सुटण्याच्या सुमारास ट्रँगल कंपनीच्या आठव्या मजल्यावर आग लागली. बेतण्याच्या टेबलाखाली साठलेल्या चिंध्यांनी पेट घेतला होता. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावरील कार्यालयाला दूरध्वनी गेला, पण नवव्या मजल्यावर यंत्रांच्या रांगांत बसलेल्यांना कोणीच सावध केले नाही. तेथील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. बाहेर पडताना मुलींच्या पिशव्या तपासता याव्यात म्हणून वाट एकच ठेवली जाई. बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला आणि अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापलीकडे पोहोचल्या नाहीत. १४६ जण मरण पावले. त्यांत १२३ स्त्रिया आणि मुली होत्या, आणि अनेकांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या होत्या. मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस या मालकांवर खटला चालला, परंतु दार बंद असल्याचे त्यांना ठाऊक होते हे निःसंशय सिद्ध झाले नाही, म्हणून डिसेंबरमध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. पुढे दिवाणी दाव्यांत तडजोड होऊन मृतामागे ७५ डॉलर देण्यात आले. इतक्या जिवांची अशी किंमत लावली जावी, ही या प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट होय.

कायद्याच्या बाजूने मात्र आगीचा परिणाम दूरगामी झाला. न्यूयॉर्क राज्याने रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली चौकशी आयोग नेमला आणि त्याच्या शिफारशींवरून पुढील काही वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले. कामाच्या वेळी दारे उघडी ठेवणे, आगीची कवायत आणि पाण्याचे फवारे यांची सक्ती त्यांतूनच आली. आग प्रत्यक्ष पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स या आयोगाच्या कामात होत्या. १९३३ मध्ये त्या अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या.

१९२० नंतर समाजवादी आणि कम्युनिस्ट गटांच्या भांडणात संघटना पोखरली गेली आणि १९२६ चा फसलेला संप तिला कर्जात घेऊन गेला. १९३२ मध्ये अध्यक्ष झालेले डेव्हिड डुबिन्स्की यांनी नव्या कामगार कायद्यांचा लाभ घेऊन दोन वर्षांत सदस्यसंख्या सुमारे दोन लाखांवर नेली. कंत्राटदाराच्या कामगारांची जबाबदारी व्यापाऱ्याने घ्यावी आणि ठरलेल्या कंत्राटदारांनाच काम द्यावे, ही अट या काळात करारांत रुजली. ती इतकी महत्त्वाची ठरली की १९५९ च्या संघीय कायद्याने इतर उद्योगांत असे बहुतेक करार बेकायदा केले, तरी वस्त्रोद्योगाला त्यातून सूट दिली. शिवणाऱ्या बाईला न्याय मिळण्याचा याहून सरळ मार्ग संघटनेला सापडला नाही.

संघटनेच्या उणिवाही लपण्यासारख्या नव्हत्या. सदस्य बहुसंख्येने स्त्रिया असताना सूत्रे जवळजवळ पूर्णतः पुरुषांच्या हाती राहिली. फानिया कोन १९१६ मध्ये उपाध्यक्ष झाल्या, पण अशी उदाहरणे विरळा होती. कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकोच्या सदस्यांना चांगल्या पगाराची कामे व पदे मिळत नाहीत, हा आरोप १९६२ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे आला. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधील सुमारे २०,००० चिनी कामगार, बहुतेक स्त्रिया, संपावर उतरल्या आणि मालकांना करार मान्य करावा लागला.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस सदस्यसंख्या साडेचार लाखांच्या आसपास होती. त्यानंतर शिवणकाम आधी दक्षिणेकडील राज्यांत आणि मग परदेशांत गेले, तशी ती वेगाने घटली. राणा प्लाझा ही तयार कपड्यांचे कारखाने असलेली बांगलादेशातील इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून ११०० हून अधिक जण मृत्युमुखी पडले, तेव्हा जागतिक कामगार महासंघांनी तेथे कपडे शिवून घेणाऱ्या विदेशी कंपन्यांशी कायदेशीर बंधन असलेला सुरक्षा करार केला. संघटनेच्या जुन्या अटीप्रमाणेच या करारानेही, कारखाना स्वतःच्या मालकीचा नसताना तेथील तपासणी आणि दुरुस्तीची जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीवर टाकली. मजुरीचा दर त्या कराराच्या कक्षेत नव्हता.