जुना लाइट मीटर, जुने मॅन्युअल: आकडा बदलण्याआधी हे वाचा

दुरुस्तीला किंवा कॅलिब्रेशनला आलेल्या मीटरबरोबर बहुतेक वेळा एक प्रश्न येतो: ‘यावरचा आकडा लक्समध्ये किती?’ त्यावर आमचा उलट प्रश्न असतो, की हा मीटर नेमके काय मोजतो? हे ठरले की उरतो तो साधा गुणाकार. ठरले नाही, तर गुणाकार कितीही अचूक केला तरी उत्तर चुकतेच.

प्रकाश चार तऱ्हांनी मोजतात. दिव्यातून सगळीकडे मिळून किती प्रकाश निघतो ते लुमेनमध्ये. एका दिशेला तो किती तीव्र आहे ते कॅन्डेलात. टेबलावर किंवा भिंतीवर किती पडतो ते लक्समध्ये. आणि ते टेबल, भिंत किंवा पडदा पाहणाऱ्याला किती उजळ दिसतो ते कॅन्डेला प्रति चौरस मीटरमध्ये. स्क्रीनच्या व्यवसायात या शेवटच्याला ‘निट’ म्हणतात. जुनी एककेही याच चार गटांत बसतात, आणि दुसरी काही माहिती हाताशी नसेल तर रूपांतर फक्त गटातल्या गटात होते.

पडणारा प्रकाश

हा सोपा गट. 1 फूट-कॅन्डल म्हणजे 1 लुमेन प्रति चौरस फूट. एका चौरस मीटरमध्ये 10.764 चौरस फूट असतात, म्हणून 1 फूट-कॅन्डल = 10.764 लक्स. घाईत 10 ने गुणले तर उत्तर 7 टक्के कमी येते. खोलीत दिवे किती लावायचे एवढेच ठरवायचे असेल तर ते चालून जाते, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर मात्र नाही. 1 फोट = 10,000 लक्स, 1 मिलिफोट = 10 लक्स.

उजळपणा: इथे पाय घसरतो

लॅम्बर्ट, फूट-लॅम्बर्ट आणि अपोस्टिल्ब या उजळपणाच्या तीन जुन्या एककांच्या व्याख्येतच पाय (π) दडलेला आहे. 1 फूट-लॅम्बर्ट = 3.426 कॅन्डेला प्रति चौरस मीटर, 1 अपोस्टिल्ब = 0.3183, 1 लॅम्बर्ट = 3183. याउलट स्टिल्बमध्ये पाय नाही. तो सरळ 10,000 कॅन्डेला प्रति चौरस मीटर.

पाय मुद्दाम घातला होता. पडलेला सगळा प्रकाश सर्व दिशांना सारख्या उजळपणाने परतवणारा आदर्श पांढरा पृष्ठभाग घ्या. त्यावर 1 फूट-कॅन्डल पडला की त्याचा उजळपणा बरोबर 1 फूट-लॅम्बर्ट. भिंत निम्मा प्रकाश परतवत असेल तर अर्धा फूट-लॅम्बर्ट. हिशेब तोंडी होतो, आणि खरे सांगायचे तर ही सोय वाईट नव्हती. लक्सवरून तेच काढायचे तर परावर्तनाने गुणून वर पायने भागावे लागते.

चूक कशी होते पाहा. फिल्मच्या प्रोजेक्शनसाठी पडद्याचा उजळपणा 16 फूट-लॅम्बर्ट धरला जाई. म्हणजे सुमारे 55 कॅन्डेला प्रति चौरस मीटर. (डिजिटल सिनेमाचे 48 म्हणजे जुने 14 फूट-लॅम्बर्टच.) कोणी सवयीने 10.764 ने गुणले तर 172 येतात. तुमच्या दोन आकड्यांत साधारण 3.14 पटीचा फरक दिसला, तर मीटरला दोष देण्याआधी हिशेबातला पाय शोधा.

उलटी गफलतही होते. फोटोग्राफीच्या काही जुन्या वेस्टन मीटरांची पट्टी कॅन्डल प्रति चौरस फुटात आहे. तो उजळपणाच, पण पायविना; तिथे 10.764 हाच गुणक बरोबर.

अपोस्टिल्ब अजून निवृत्त झालेला नाही. डोळ्यांचे दृष्टिक्षेत्र तपासणाऱ्या यंत्रांच्या कागदपत्रांत पार्श्वभूमीचा उजळपणा 31.5 अपोस्टिल्ब असा आढळतो. विचित्र वाटणारा हा आकडा म्हणजे 10 कॅन्डेला प्रति चौरस मीटर.

मेणबत्त्या आणि कॅन्डलपॉवर

कॅन्डेलाआधी प्रत्येक देशाची ज्योत वेगळी होती. इंग्लंडमध्ये तासाला 120 ग्रेन (वजनाचे जुने एकक) जळणारी, देवमाशाच्या डोक्यातल्या मेणाची मेणबत्ती. जर्मनीत अमाइल ॲसिटेटवर जळणारा हेफ्नर दिवा, ज्योतीची उंची 40 मिलिमीटर. फ्रान्समध्ये तेलाचा कार्सेल दिवा. हेफ्नर सुमारे 0.9 कॅन्डेला, कार्सेल सुमारे 9.7, आणि 1909 मध्ये काही देशांनी ठरवलेली आंतरराष्ट्रीय कॅन्डल सुमारे 1.02. कॅन्डेला 1948 मध्ये आला.

या गुणकांना चौथ्या दशांश स्थळापर्यंत नेऊ नका. हेफ्नरची ज्योत तांबूस. तिची पांढऱ्या दिव्याशी तुलना माणूस डोळ्याने करायचा, आणि डोळ्याची रंगानुसार संवेदनशीलता 1924 पर्यंत प्रमाणित झालेली नव्हती. मूळ मोजणीत नसलेली अचूकता कॅल्क्युलेटर आणून देत नाही.

छोट्या बल्बच्या तक्त्यांत ‘एमएससीपी’ दिसते. ती सर्व दिशांची सरासरी तीव्रता असल्यामुळे 12.57 ने गुणले की लुमेन मिळतात. टॉर्चच्या खोक्यावरची ‘दहा लाख कॅन्डलपॉवर’ मात्र फक्त झोताच्या मध्यावरची तीव्रता. झोत किती रुंद आहे हे कळल्याशिवाय त्यातून लुमेन काढताच येत नाहीत, आणि खोक्यावर ते सहसा लिहिलेले नसते.

गुणाकाराने न सुटणारी गोष्ट

जुन्या मीटरांत प्रकाश टिपणारा सेलेनियमचा सेल वयानुसार मंद होतो. पट्टीवर 50 फूट-कॅन्डल दिसले आणि तुम्ही 538 लक्स लिहिले, तरी प्रत्यक्षात प्रकाश जास्त असू शकतो. शिवाय अनेक जुने मीटर तंतूच्या बल्बखाली जुळवलेले असतात, त्यामुळे एलईडीखाली त्यांचे वाचन सरकते. म्हणून मीटर पाठवताना डायलचा स्पष्ट फोटो, सोबतचा पांढरा घुमट किंवा (तीव्र प्रकाश मोजताना सेलवर बसवायची) जाळीची पट्टी, आणि तुम्ही तो कोणत्या दिव्याखाली वापरता ते जरूर कळवा. जाळी राहिली तर वरच्या पल्ल्याची तपासणी आम्हाला करता येत नाही. सर्टिफिकेटवर आम्ही मीटरचे मूळ एकक आणि आजचे एकक दोन्ही छापतो. वापरलेला गुणक शेजारीच असतो.